मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरने लाकडावर विजेची नक्षी काढायची आहे, ग्लोव्हज आणि ईएलसीबी पुरेसे आहेत का?

प्रश्न थोडक्यात असा आहे की जुन्या मायक्रोवेव्हमधला ट्रान्सफॉर्मर हाताशी आहे, लाकडाला खायचा सोडा विरघळवलेलं पाणी लावून त्यातून करंट सोडला की झाडाच्या फांद्यांसारखी जळकी नक्षी उमटते असं व्हिडिओत बघितलंय, रबरी ग्लोव्हज आहेत, घरात ईएलसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पण आहे, तर एवढं पुरे का आणि नसेल तर अजून काय घ्यावं लागेल.

पुरे नाही. आणि "अजून काय घ्यावं" याला घरच्या टेबलावर जमेल असं उत्तर नाहीये, म्हणून माझं म्हणणं सरळ आहे, हे करू नका. पण नुसतं करू नका म्हटलं की माणूस मान डोलावतो आणि परत त्याच व्हिडिओकडे जातो, त्यामुळे का नको ते नीट सांगतो आणि शेवटी तशीच नक्षी दुसऱ्या पद्धतीने कशी काढायची तेही सांगतो. माझं पोट हाय व्होल्टेज इन्सुलेशन टेस्टिंगवर चालतं आणि लाकूडकामाचा नाद जुना आहे, त्यामुळे या विषयाच्या दोन्ही टोकांशी माझा रोजचा संबंध.

आधी त्या नक्षीबद्दल, कारण ती खरंच भारी गोष्ट आहे. तिला लिख्टेनबर्ग फिगर म्हणतात. गेऑर्ग क्रिस्टोफ लिख्टेनबर्ग हा गटिंगनचा जर्मन प्राध्यापक, त्याने 1777 च्या सुमारास राळेच्या एका मोठ्या चकतीवर स्थिर विजेचे प्रयोग करताना पाहिलं की उडालेली बारीक धूळ चकतीवर कशीही न बसता चांदण्यांसारख्या आकारात बसतेय. पुढे गंधक आणि शेंदूर एकत्र करून भुरभुरवला की पिवळा एका चार्जवर बसतो आणि लाल दुसऱ्यावर, असं दोन रंगांत ते चित्र दिसायला लागलं. चार्ज जिथे आहे तिथे पावडर चिकटते हीच गोष्ट धरून चेस्टर कार्लसनने 1938 साली झेरॉक्सची पद्धत काढली. वीज पडलेल्या माणसाच्या अंगावर कधीकधी फर्नच्या पानासारखे लाल वळ उठतात ते पण याच घराण्यातले, ते खरे भाजलेले नसतात आणि सहसा एक-दोन दिवसात मावळतात.

लाकडावर मात्र जे होतं ते जरा वेगळं आहे. लिख्टेनबर्गचं चित्र एका क्षणात, डिस्चार्ज झाला की तयार. लाकडावरचं चित्र रांगत रांगत वाढतं, मिनिटं लागतात. आमच्या धंद्यात त्याला ट्रॅकिंग म्हणतात आणि तो आमचा शत्रू आहे. कोरडं लाकूड करंट जवळजवळ जाऊच देत नाही. त्यावर क्षार विरघळलेलं पाणी फासलं की वरचा पातळ थर थोडाफार वाहक होतो. करंट वाहिला की थर तापतो, पाणी उकळतं, एखादी जागा बाकीच्यांच्या आधी सुकते, त्या सुक्या पट्टीवर सगळं व्होल्टेज एकवटतं आणि तिथे बारीकशी ठिणगी पडते. ठिणगीखालचं लाकूड कोळसा होतं आणि कोळसा तर पाण्यापेक्षा कितीतरी चांगला वाहक. म्हणजे आता वायरचं टोक तेवढं पुढे सरकलं असं समजा. जवळून बघितलं तर (काचेआडून, बंद पिंजऱ्यातलं) प्रत्येक फांदीच्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढा केशरी ठिपका दिसतो, तो चरचरतो, त्याच्या पुढे वाफेची बारीक रेघ उठते, मधेच एक ठिपका विझतो आणि शेजारची दुसरीच फांदी चालायला लागते. दोन्ही इलेक्ट्रोडकडून (लाकडाला टेकवलेली वायरची टोकं) अशी दोन झाडं एकमेकांकडे येतात. ती भेटली की सगळा करंट त्या एका रस्त्याने धावतो, बाकीच्या फांद्या मरतात आणि भेटलेला रस्ता जाड, खोल, काळा होतो. कधी पेटतोही.

टोकच का वाढतं, तर अणकुचीदार टोकापाशी विद्युत क्षेत्र सगळ्यात तीव्र असतं. जो पुढे गेला तो अजून पुढे जातो आणि आतल्या खाचा उपाशी राहतात. 1981 साली विटेन आणि सँडर या भौतिकशास्त्रज्ञांनी कॉम्प्युटरवर भटकणारे कण एकमेकांना चिकटवून असाच आकार मिळवला, आणि 1984 मध्ये नीमायर, पिएट्रोनेरो आणि वीझमान यांनी विजेच्या डिस्चार्जसाठी त्याच जातीचं मॉडेल मांडलं. अशा सपाट झाडाची फ्रॅक्टल मिती साधारण 1.7 येते, म्हणजे रेघेपेक्षा जास्त आणि भरलेल्या पृष्ठभागापेक्षा कमी. हे लक्षात ठेवा, हाताने काढताना कामाला येणार आहे.

आता गंमत बघा. एखादं प्लॅस्टिक स्विचगियरमध्ये (वीज चालू-बंद करायच्या उपकरणांत) वापरायच्या लायकीचं आहे का हे तपासायला आम्ही त्यावर 4 मिलिमीटर अंतरावर दोन इलेक्ट्रोड ठेवतो आणि मधे अमोनियम क्लोराइडच्या पाण्याचे थेंब ठराविक वेळाने टाकत राहतो, 50 थेंब पडेपर्यंत ट्रॅक झाला नाही तर त्या व्होल्टेजला माल पास. ही टेस्ट जास्तीत जास्त 600 व्होल्टला होते, त्याच्या वरची टेस्ट वेगळी. आणि सहाशे व्होल्टला सुद्धा ती बंद पेटीत, दार उघडलं की सप्लाय कट. व्हिडिओतला माणूस तेच काम 2000 व्होल्टला उघड्या टेबलावर करतो, ओल्या लाकडावर, दोन हातात दोन वायरी धरून.

तर मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर. त्याचं आउटपुट साधारण 2000 व्होल्टच्या आसपास असतं आणि मॅग्नेट्रॉनसाठी (मायक्रोवेव्ह लहरी तयार करणारा भाग) बनलेला असल्यामुळे तो अर्धा-एक अँपियर आरामात देतो. व्होल्टेज बघून लोक घाबरतात, पण मारायचं काम करंट करतो, आणि इथे करंटची काही कमी नाही. माणसाला 1 मिलिअँपियर जाणवतो. 10 च्या आसपास गेलं की हाताचे स्नायू आवळतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही, करंट चिकटवतो म्हणतात ते हे. 50 ते 100 मिलिअँपियर छातीतून सेकंदभर गेले तर हृदय नुसतं थरथरतं, रक्त ढकलत नाही. घरच्या 230 व्होल्टला कोरडी कातडी थोडाफार रोध करते म्हणून बरेच जण शॉक खाऊन वाचतात आणि मग त्यांना वाटतं आपल्याला सवय आहे. पाचशे-सहाशे व्होल्टच्या वर कातडी टिकतच नाही, फुटते, आणि मग आतलं शरीर राहतं ते साधारण हजार ओहम किंवा त्याहून कमी. 2000 भागिले 1000, करा हिशोब. ट्रान्सफॉर्मर पूर्ण 2 अँपियर देणार नाही, पण जेवढा देईल तो लागतो त्याच्या कितीतरी पट आहे. वाचलेल्या लोकांचे हात आतून शिजलेले असतात, बाहेरून छोटा डाग दिसतो आणि आत स्नायू, नसा गेलेल्या.

ईएलसीबीचं काय? सगळ्यात जास्त भरवसा लोक यावर ठेवतात म्हणून जरा थांबतो इथे. ईएलसीबी म्हणजे गेटवरचा वॉचमन, फेजने जेवढे आत गेले तेवढेच न्यूट्रलने बाहेर आले का एवढंच तो मोजतो, 30 मिलिअँपियरचा फरक पडला की पाडतो. तुमच्या शरीरातून जाणारा करंट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीतून (आउटपुटच्या वेढ्यांतून) निघतो आणि सेकंडरीतच परत जातो. प्रायमरीच्या (घरची वीज आत घेणाऱ्या वेढ्यांच्या) बाजूला फेज आणि न्यूट्रल दोन्हीतला करंट सारखाच वाढतो, फरक शून्य. म्हणजे तुम्ही मधे अडकलेले असताना ईएलसीबीच्या दृष्टीने घरात कुणीतरी हीटर लावलाय इतकंच. तो बिघडलेला नाहीये, त्याला ते दिसायची सोयच नाही. एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) पण तसाच, 16 अँपियरचा एमसीबी दीडपट करंटला लगेच पडत नाही, तो मिनिटांच्या हिशोबाने तापतो, कारण तो वायर वाचवायला बसवलाय. आणि तुम्ही सेकंदांच्या हिशोबात आहात.

वर अजून एक भानगड आहे. मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीचं एक टोक त्याच्या लोखंडी कोअरलाच जोडलेलं असतं. त्यामुळे कोअर, त्याला लागलेला पत्रा, त्याच्या खाली असलेलं लोखंडी टेबल हे सगळं सर्किटचा भाग. एकच वायर हातात आहे, दुसरी लांब आहे, म्हणून मी सुरक्षित, असं इथे नसतं. कोअर अर्थ असेल तर ओली फरशी सुद्धा दुसरी वायर झाली. आणि सोड्याचं पाणी नेमकं कुठे कुठे ओघळलंय हे काम चालू असताना कुणी बघत नाही, सगळ्यांची नजर त्या केशरी ठिपक्यांवर.

ग्लोव्हज. भांडी घासायचे, बागकामाचे, मेकॅनिकचे, कुठलेही रबरी ग्लोव्हज हे इलेक्ट्रिकल ग्लोव्हज नसतात. खऱ्या इन्सुलेटिंग ग्लोव्हजना क्लास असतो, क्लास 0 हा 1000 व्होल्ट एसीपर्यंत, क्लास 1 हा 7500 पर्यंत, त्यावर चामड्याचं कव्हर घालायचं असतं, दर वेळी घालायच्या आधी हवा भरून भोकं तपासायची असतात, आणि ठराविक काळाने लॅबमधून टेस्ट करून आणायचे असतात. आणि हे सगळं करून सुद्धा ते ग्लोव्हज म्हणजे शेवटचा पदर आहे, लाइनवर काम करणारा माणूस आधी सप्लाय बंद करतो, अर्थ करतो, आणि मग ग्लोव्हज घालतो. ग्लोव्हज घातलेत म्हणून चालू एचटी (हाय टेन्शन) वायर हातात धरायची, हे आमच्याकडे नोकरी जाण्याचं कारण आहे.

काहीजण म्हणतात मायक्रोवेव्ह नको, निऑन साइनचा ट्रान्सफॉर्मर घ्या, त्यात करंट कमी. 15,000 व्होल्ट आणि 30 मिलिअँपियर असा साधारण मिळतो. 30 हा आकडा वरच्या यादीत कुठे बसतो ते बघा. हात सोडता येणार नाही एवढा तो नक्की आहे, आणि हात सुटला नाही तर छातीतून तो किती वेळ जाईल हे तुमच्या हातात राहत नाही. शिवाय 2000 व्होल्ट हवेतून मिलिमीटरभरही उडी मारत नाही, इथे मात्र सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरवरून ठिणगी येते. म्हणजे एक धोका थोडा कमी करून दुसरा वाढवला.

पायाने दाबायचा स्विच लावला, पाय उचलला की बंद, असंही सुचवलं जातं. शॉक लागल्यावर पायाचे स्नायू सुद्धा आवळतात, माणूस स्विचवरच कोसळतो. मग पिंजरा करून, दाराला इंटरलॉक (दार उघडलं की सप्लाय तोडणारा स्विच) लावून, प्रोब (लाकडाला टेकवलेलं वायरचं टोक) बाहेरून न हलवता केलं तर? हो, लॅबमध्ये तसंच होतं, सोबत डिस्चार्ज रॉड (उरलेला चार्ज जमिनीत सोडायची काठी) असतो, दुसरा माणूस असतो, आणि दार उघडण्याआधी अर्थ लावल्याशिवाय कुणी हात घालत नाही. पण मी बघितलंय की नक्षी काढणाऱ्याला नेमकं तेच नको असतं, त्याला चालू असताना प्रोब दोन बोटं सरकवायचा असतो, थोडं पाणी अजून लावायचं असतं, फांदी वळवायची असते. जीव जातो तो त्या क्षणी. म्हणून "सेफ सेटअप"चं ड्रॉइंग मी कुणाला देत नाही, मागणारा कितीही हुशार असला तरी.

आणि हे भीती घालायला म्हणत नाहीये. अमेरिकेत लाकूड कातकाम करणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना आहे, अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स, त्यांनी आपल्या कार्यक्रमांत हे दाखवायला बंदी केली आणि आपल्या मासिकात यावर लेख घ्यायचं बंद केलं. या प्रकाराने गेलेल्यांची त्यांच्याकडची नोंद तिशीच्या वर आहे, आणि ती फक्त कळलेल्यांची. त्यात इलेक्ट्रिकची चांगली माहिती असलेले लोकही आहेत. 2022 च्या एप्रिलमध्ये विस्कॉन्सिन राज्यात एका घराला आग लागली, आत जोडपं मेलेलं सापडलं, आधी घातपाताची शंका घेतली गेली आणि मग कळलं की दोघं मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरने लाकूड जाळत होते. त्याच वर्षी अॅन रीअर्डन या ऑस्ट्रेलियन फूड सायंटिस्टने या धोक्यावर व्हिडिओ केला तर यूट्यूबने तोच धोकादायक म्हणून काढला, ओरड झाल्यावर परत ठेवला. शिकवणारे व्हिडिओ तेव्हा मजेत चालू होते.

कुणाला असा शॉक लागलेला दिसला तर आधी मेन बंद करा, माणसाला हात लावू नका, बंद झाल्याची खात्री झाली की श्वास बघा, अॅम्ब्युलन्स बोलवा, आणि श्वास चालू नसेल तर लगेच सीपीआर. उठून बसला, बोलायला लागला तरी हॉस्पिटल आणि ईसीजी झालाच पाहिजे. आणि जुना मायक्रोवेव्ह खोलूच नका, त्यातला कपॅसिटर प्लग काढल्यावर सुद्धा चार्ज धरून बसू शकतो. ट्रान्सफॉर्मर सुटा काढलेला असेल तर त्याची प्रायमरीची टोकं तोडून भंगारात द्या, चार पैसे येतील.

आता नक्षी. माझ्या मते हाताने काढलेली जास्त चांगली दिसते, कारण विजेची फांदी कुठे जाईल ते तुमच्या हातात नसतं आणि दहातल्या सहा तुकड्यांवर ती नको तिथे जाऊन मधोमध एक जाड काळी खाच पाडते.

साधा पायरोग्राफी पेन (लाकूड जाळून चित्र काढायचा पेन) घ्या, वायरच्या टोकाचा, ज्याचं तापमान कमीजास्त करता येतं. लाकूड फिकट रंगाचं आणि बारीक, सारख्या ग्रेनचं (ग्रेन म्हणजे लाकडाच्या रेघा). पाइनसारख्या लाकडात एक रेघ कडक आणि एक मऊ असते, त्यावर पेन अडखळतो, कडक रेघेवर फिका आणि मऊवर एकदम खोल, सुरुवातीला नको ते. पृष्ठभाग बारीक सँडपेपरने गुळगुळीत करा, कारण बारीक फांद्या काढताना प्रत्येक ओरखडा पेनला खेचतो.

लोक झाड काढतात आणि ते झाडच दिसतं, वीज दिसत नाही. फरक कुठे पडतो सांगतो. विजेच्या फांद्या एकमेकींना कधीही छेदत नाहीत आणि फुटलेली फांदी परत जाऊन जोडली जात नाही, एक क्रॉसिंग झालं की बघणाऱ्याला कारण कळलं नाही तरी काहीतरी खोटं वाटतं. दोन फांद्यांच्या मधल्या खोल बेचक्यात जवळजवळ काही नसतं, बारीक काड्या बाहेरच्या मोकळ्या बाजूला फुटतात. अंतरं सारखी ठेवू नका, हात आपोआप सारखी ठेवायला बघतो, त्याला मोडा. दोन झाडं समोरासमोर काढत असाल तर मधल्या फटीकडे तोंड केलेल्या फांद्या लांब आणि दाट, पाठीमागच्या आखूड. आणि लाकूड ग्रेनच्या दिशेने आडव्यापेक्षा साधारण दुप्पट चांगलं वाहक असतं, म्हणून खरी नक्षी ग्रेनच्या बाजूने किंचित ताणलेली असते, तुमचीही तशी काढा.

क्रम असा ठेवा की आधी सगळं कमी तापमानावर फिकट ब्राऊन रेघेत, टोकापर्यंत, मनासारखं होईपर्यंत. मग खोडाकडून सुरू करून जाडी आणि काळेपणा वाढवत जा, कारण खऱ्या नक्षीत सगळ्या फांद्यांचा करंट खोडात एकत्र येतो, तिथे सगळ्यात खोल जळतं आणि टोकाला नुसता केसाएवढा डाग राहतो. खोडाच्या दोन्ही कडांना चपट्या टोकाने, अगदी कमी तापमानावर, मधाच्या रंगाची सावली द्या, ती दिली नाही तर पेनने काढलंय हे लगेच कळतं. खोली हवी असेल तर जाड भाग आधी व्ही आकाराच्या पटाशीने किंवा रोटरी टूलच्या बारीक बरने कोरा आणि मग आतून जाळा. खिडकी उघडी आणि पंखा धूर बाहेर ओढेल असा, एवढं मात्र पाळा, आणि रंग, पॉलिश किंवा प्लायचा गोंद लागलेल्या लाकडावर जाळू नका.

लेझर मशीन हाताशी असेल तर अजून सोपं. वरती सांगितलेलं 1984 चं मॉडेल थोड्या कोडमध्ये बसतं, दोन बिया ठेवायच्या, एक घातांक असतो तो वाढवला की फांद्या विरळ आणि सरळ होतात, 1 वर ठेवला की दाट झाड. चित्र निघाल्यावर खोडाला जास्त पॉवर आणि टोकांना कमी असे तीन-चार थर करून मारा, एकाच पॉवरने मारलं तर शिक्क्यासारखं सपाट दिसतं.

जळलेल्या रेघांतली काजळी कोरड्या नायलॉन ब्रशने ग्रेनच्या दिशेने काढा, ओल्या फडक्याने अजिबात नाही, काळं पाणी शेजारच्या फिकट लाकडात शिरतं आणि मग सँडिंगने पण जात नाही. तेल लावायची घाई पण नको, त्यानेही काजळी पसरते. आधी शेलॅकचा (लाखेच्या पॉलिशचा) पातळ हात, ब्रशने घासून न लावता स्प्रेने किंवा हलक्या टिपांनी, तो सुकला की दुसरा. खाचांत इपॉक्सी भरायचं असेल तर ते या दोन हातांनंतरच, नाहीतर कोळशातली हवा बुडबुडे होऊन वर येत राहते. पातळ थरात भरा, पहिला घट्ट झाल्यावर दुसरा, पूर्ण वाळल्यावर पृष्ठभागाला लेव्हल सँडिंग आणि मग हवं ते फिनिश.